शेवटच्या कडव्यातली छाप

मुलाने पाठवलेली यादी मी मोबाइलवर तीनदा वाचली आणि तिन्ही वेळा माझं डोकं फिरलं. आमच्या गायन पार्टीचा जयंतीच्या महिन्यातला दौरा होता, नऊ गावांचा. प्रत्येक गावात अठरा गाणी म्हणायची, असं त्या यादीत होतं. अठरा गाणी, दोन तासांत. प्रत्येक गाण्यापुढे त्याने लिहिलं होतं, 'मुखडा अधिक एक'. म्हणजे मुखडा म्हणायचा, एक कडवं म्हणायचं, की ऑक्टोपॅडवाला ठेका बदलणार आणि आम्ही पुढच्या गाण्यावर उडी मारणार.

हळदीच्या गाण्यापुढेही तेच लिहिलेलं.

हे गाणं म्हणजे आमच्या पार्टीची ओळख. औंढा आणि वसमत तालुक्यांत जयंतीच्या मंडपात बसलेल्या कुठल्याही जुन्या माणसाला विचारा, शब्द नाही आठवले तरी चाल गुणगुणून दाखवेल. त्याला चार कडवी आहेत. पहिल्यात बाई हळदीच्या शेतात आहे. दुसऱ्यात ती शाळेच्या दाराशी येते. तिसऱ्यात नवऱ्याशी भांडते. आणि ती एवढी घरातून निघाली कशासाठी, ते चौथ्यात कळतं. पहिल्या कडव्यावर गाणं तोडलं तर ती बाई शेतातच राहते. गाणं म्हणजे काय कापडाच्या दुकानातला नमुना आहे, वीतभर कापून हातात दिला की झालं?

माझा मुलगा शिक्षक आहे, पन्नाशीला आला आहे. माझा आवाज थकल्यापासून पार्टी तोच चालवतो. मी त्याच्यासमोर जाऊन बसलो.

"हे अठरा गाण्यांचं कुनी ठरवलं?"

"गावागावातल्या पोरांनी फर्माइशी पाठवल्या, आप्पा. वेळेत बंद करावं लागते. अन् लोक पहिलं कडवं मोबाइलात घेतात, मंग मान खाली घालून ते पाठवत बसतात. पुढचं कोन ऐकून राहिलं?"

"म्हनून आपन बी म्हनायचं न्हाई?"

"तुमी काय पुरी म्हनत व्हते का? तिसरं कडवं तर तुमीच गाळत व्हते. मी मागं टाळ धरून बसत व्हतो, मला ठाऊक हाये."

हे खरं होतं. पाटीलकीच्या गावात नवऱ्याशी भांडण्याचं कडवं मी गाळत असे. तरी मी मागे हटलो नाही. बाकीची काय वाट्टेल तेवढी कापा, म्हटलं, हळदीचं शेवटपर्यंत होईल.

तो हसला. "शेवटपर्यंत काहून पाहिजे ते बी मला ठाऊक हाये. शेवटाला तुमचं नाव हाये."

मी तसाच उठून बाहेर आलो.

आमच्या गाण्यांत शेवटच्या कडव्यात गाणं रचणाऱ्याचं नाव येतं. त्याला छाप म्हणतात. गाणं ऐकणाऱ्याला कवी कोण ते तिथे कळतं, दुसरीकडे कुठे ते लिहिलेलं नसतं. बहुतेकांचं पुस्तक नाही, कॅसेट नाही, तोंडातोंडी चाललेलं गाणं. त्याचा सातबारा म्हणजे ती छाप. हळदीच्या गाण्याचं शेवटचं कडवं मी चाळीस वर्षं असं म्हणत आलो:

जवळ्याचा शाहीर सांगे, हसतील त्यांना हसू द्या
पोरीसंगं पाटीपुढं आईलाही बसू द्या

जवळ्याचा शाहीर म्हणजे मी. जवळा बाजारचा. आमच्या पार्टीच्या बॅनरवर मोठ्या अक्षरांत तेच लिहिलेलं असतं. आणि हे कडवं माझं नाही, गाणं माझं नाही, त्यातला एक शब्द माझा नाही. 'जवळ्याचा शाहीर' एवढे दोन सोडून. ते मी घुसडले.

गाणं माझ्या वहिनीचं. चुलतभावाची बायको, माहेर कुरुंद्याचं. लग्न होऊन आमच्या गल्लीत आली तेव्हा तिला अक्षरओळख नव्हती. हळद काढली की बाया रांगेने बसून गड्ड्यापासून हळकुंडं मोडून वेगळी करतात. दिवसभर तेच काम, बोटं कातडीच्या आतपर्यंत पिवळी होतात. तिथे बसल्या बसल्या ती गाणी जुळवायची आणि बाकीच्या बाया मागून म्हणायच्या. मी बांधावरून जाताना ऐकलं आणि थांबलो. 

हळद मोडून पिवळं बोट, त्याला शाई लागू द्या
लेकराच्या वहीवरती माझं नाव मागू द्या

मी तेव्हा तीन वर्षं पार्टीत गात होतो. स्वतः रचलेली पाच-सहा गाणी होती, सगळी ऐकल्याबरोबर विसरावी अशी. हे ऐकलं आणि मला कळलं की असं मला जन्मात जमणार नाही. मी तिला घरी जाऊन म्हटलं, "वैनी, मला लिहून घेऊ द्या." ती भाकरी थापत सांगत गेली, मी वहीत उतरवत गेलो. शेवटचं कडवं आलं तेव्हा तिने म्हटलं, "कुरुंद्याची लेक सांगे". मी विचारलं, तुमचं नाव काहून न्हाई घातलं? ती म्हणाली, "सासरच्या गावात सुनेचं नाव कोन घेते? माहेरचं गाव तर कोनी हिसकून घेनार न्हाई."

ते मीच हिसकून घेतलं.

त्याच वर्षी वसमतला आमचा पहिला मोठा कार्यक्रम होता. तालमीत मी गाणं तिच्या छापेसकट म्हणत होतो. पार्टीतला एक जण म्हणाला, मिशीवाला गडी 'मी कुरुंद्याची लेक' म्हणतो, लोक लुगडं नेसवतील. सगळे हसले. पुढे मी ही गोष्ट स्वतःला फार वेळा सांगितली, की लोक हसले असते म्हणून बदललं. खोटं आहे. गाण्याआधी माइकवर एक वाक्य पुरलं असतं: हे गाणं आमच्या वहिनींनी रचलं आहे. कोणी हात धरला नव्हता. जवळ्याहून वसमतला जाणाऱ्या एसटीत खिडकीशी बसून मी 'जवळ्याचा शाहीर' हे शब्द चालीत बसवत होतो. ऐन वेळी तोंडातून निघालं, असं मी नंतर सांगितलं. मी ते तासभर घोकलं होतं.

ते चालीत बसतही नव्हतं. एक मात्रा जास्त भरते. शाहीर हा शब्द झटकन उरकावा लागतो. आमचे बेंजोवाले मास्टर, वसमतला त्यांचं शिवणकामाचं दुकान आहे, त्यांनी त्या संध्याकाळी माझ्याकडे मान वळवून पाहिलं. तालमीत त्यांनी खरी छाप ऐकली होती. पण त्यांनी बोटं अशी चालवली की ती जास्तीची मात्रा कुणाच्या कानाला टोचली नाही. टाळ्या पडल्या. सूत्रसंचालकाने विचारलं, कवी कोण? मी हात जोडले.

वहिनी मंडपात होती. भावाने हौसेने आणली होती. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो तर तिने चहा दिला आणि म्हणाली, "भावजी, शेवटाला ठेच लागते तुमच्या गाण्याला." तुमच्या, असं म्हणाली. नंतर तिने कधीही मला गाणं सांगितलं नाही. मी दोनदा मागायला गेलो. "सुचत न्हाई आता," म्हणाली. मी तेही खरं मानलं, कारण ते सोयीचं होतं.

पुढे काय काय झालं त्याची मला आता चीड येते. सत्कार झाले. एका वाचनालयाने गाण्यांची छोटी पुस्तिका काढली, पहिल्या पानावर हळदीचं गाणं, खाली माझं नाव. मुलाच्या लग्नात त्याची ओळख करून दिली ती 'हळदीच्या गाण्याच्या शाहिरांचे चिरंजीव' अशी. आमच्या गल्लीत एखाददुसऱ्याला शंका असणार, असं मला वाटायचं, आणि कुणी काही म्हणत नाही तर मग चाललंय, असंही वाटायचं. भाऊ वारला. वहिनीने लेक कुरुंद्यालाच दिली होती, मग वहिनी तिच्याकडे राहायला गेली. मी सुटलो असं मला वाटलं. ते मी इथे लिहितो आहे, कारण लपवण्यासारखं सगळं आधीच लपवून झालं आहे.

तर मुलाच्या यादीने मला कसं पकडलं ते आता कळेल. शेवटचं कडवं कापलं तर खोटी छाप आपोआप गेली. कुणी विचारणार नाही, मला सांगावं लागणार नाही. चोरी होती ती जागाच बुजून जाणार. माझ्यासाठी याहून सोयीचं काही नव्हतं. आणि मी भांडत होतो तर पोराला वाटत होतं, म्हाताऱ्याला स्वतःचं नाव ऐकायचं आहे.

मी वसमतला मास्टरांच्या दुकानात गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि सगळं ऐकून घेतलं.

"चाळीस साल मी तुमची एक मात्रा खाल्ली," ते म्हणाले. "पोटात दुखत होतं, शाहीर. बोललो नाही, क्योंकि तुम्ही बोलत नव्हते. मगर ये कडवं उडवायचं तर मी दौऱ्यात येत नाही. दुसरा बेंजोवाला बघा."

मग दुकान पुतण्यावर सोपवून ते माझ्याबरोबर कुरुंद्याला वहिनीकडे आले.

वहिनी ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. तिला ऐकायला बरोबर येतं, दिसायला कमी. मास्टरांचा आवाज तिने आधी ओळखला, माझा नंतर. मी पाठ केलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. तिने शेंगा फोडणं थांबवलं नाही.

"आत्ता काहून आठवलं?"

"आठवन रोजच व्हती, वैनी."

"मंग रोज काय केलं?"

मास्टर खाली बघत होते.

"तुमाला हलकं व्हायचं हाये, भावजी. तुमी हलके व्हा. मी काय करू? शाल पांघरून घेऊ?" ती म्हणाली. "ते तसलं काही करू नका. स्टेजवर बोलावनं, हार, रडनं. मला लोकांच्या पुढं उभं करून तुमचं मोठेपन नका दाखवू. भाषन बी नको. भाषनात तुमीच मोठे दिसनार."

"मंग मी काय करू, सांगा तुमी."

"गाणं हाये ना? जसं दिलं व्हतं तसं म्हना. जिथं खोटं बोलले तिथंच खरं बोला."

निघताना तिच्या लेकीने चहा विचारला. वहिनी म्हणाली, "मास्टरला दे." मला दिला नाही असं नाही, पण दुसऱ्यांदा सांगावं लागलं.

मुलाला मी घरी आल्याबरोबर सांगितलं. त्याने बापाला शिव्या दिल्या असत्या तर मला चाललं असतं. तो म्हणाला, "बॅनर छापून आलं हाये." मग म्हणाला, "आप्पा, या दौऱ्यात ते कडवंच नको. तुमचं बी नाव नको, तिचं बी नको. खोटं बी न्हाई अन् खरं बी न्हाई. मुखडा अधिक एक."

"म्हंजे बाई पुन्हा शेतातच."

"तुमी तिला शेतात ठेवलं, मी न्हाई," तो म्हणाला आणि आत गेला.

कुरुंद्याचा कार्यक्रम दिवस मावळताना सुरू झाला. हळदीचं गाणं पाचवं होतं. माझा आवाज आता वरच्या पट्टीत फाटतो, म्हणून मुलगा गातो आणि हे एवढं एक गाणं मी म्हणतो. मुखडा झाला, पहिलं कडवं झालं आणि ऑक्टोपॅडवाल्याने ठेका बदलला. मी दुसरं कडवं उचललं. दोन ठेके एकमेकांत अडकले, पुढच्या रांगेतले हसायला लागले. मास्टरांनी बेंजो सोडला नाही. मुलाने माझ्याकडे पाहिलं, मग हात खाली केला आणि ऑक्टोपॅड थांबला. मी तिसरं म्हटलं. मी चौथं म्हटलं:

कुरुंद्याची लेक सांगे, हसतील त्यांना हसू द्या

ठेच लागली नाही. मात्रा जागच्या जागी बसल्या. आणि अख्खा मंडप टाळ्या आणि शिट्ट्यांनी उठला. समितीचा माणूस धावत येऊन माइक घेऊन म्हणाला, "शाहिरांनी आपल्या गावाचं नाव गाण्यात घेतलं, एकदा जोरदार टाळ्या होऊ द्या."

गायन पार्ट्यांची ही जुनी रीत आहे. ज्या गावात कार्यक्रम, त्या गावाचं नाव गाण्यात कुठेतरी घुसवायचं, की टाळ्या ठरलेल्या. मीही शेकडो वेळा केलं आहे. चाळीस वर्षांनी एक खरा शब्द तोंडातून निघाला आणि लोकांनी तो त्याच डावात धरला. मला इतका राग आला की माइक फेकून द्यावासा वाटला. राग कुणावर काढायचा? ही सवय लोकांना आम्हीच लावली.

वहिनी बायांच्या बाजूला खुर्चीवर होती. कार्यक्रम संपल्यावर लेकीच्या हाताला धरून आली. ती हसत होती.

"भावजी, तुमच्या तोंडून खरं बी खोटंच निघतं."

"मी माइकवर सांगतो, वैनी. अजून लोक हायेत."

"नको. भाषन नको म्हनलं ना. कुरुंद्यात कुरुंद्याचं नाव घ्यायला काय लागते? जवळ्यात घेऊन दाखवा."

जवळ्याचा कार्यक्रम दोन दिवसांनी होता. माझं गाव, माझी गल्ली, स्टेजमागे ते बॅनर. मुलाने आधी विचारलं, "इथं बी?" मी म्हटलं, व्हय. तो ऑक्टोपॅडवाल्याजवळ जाऊन काहीतरी सांगून आला. या वेळी ठेका बदलला नाही.

मी 'कुरुंद्याची लेक' म्हटलं आणि टाळी पडली नाही. समितीचे एक वयस्कर सभासद, माझ्याच वर्गातले, पहिल्या रांगेतून उभे राहिले.

"शाहीर, कुरुंदा परवा झालं. हे जवळा हाये."

मंडप हसला.

"मला ठाऊक हाये," मी म्हटलं.

"मंग जवळ्याचं नाव काहून काढलं? घरच्या मंडपात दुसऱ्या गावाचं नाव? हे बराबर न्हाई. पुन्हा म्हना, नीट म्हना."

वहिनीने भाषण नको म्हटलं होतं. पण हा प्रश्न होता, आणि प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं. मी सांगितलं. हे गाणं माझं नाही. माझ्या वहिनीचं आहे, ती याच गावात नांदली, मारुतीच्या मागच्या गल्लीत. शेवटाला तिची छाप होती. मी ती काढली आणि माझी लावली. एवढंच. मी रडलो नाही, माफी मागितली नाही. ती तिच्याकडे मागायची होती आणि तिला नको होती.

ते सभासद उभेच होते. "म्हंजे आमी इतके दिवस कोनाच्या गाण्याला तुमच्या नावानं टाळ्या वाजवल्या?" ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज चढला होता. त्यांना फसवल्यासारखं वाटलं. वाटायलाच हवं. मी त्यांना फसवलं होतं.

तेवढ्यात बायांच्या बाजूने एक म्हातारी बोलली. वहिनीबरोबर हळद मोडायला जायची त्यातली.

"आमाला ठाऊक व्हतं."

मी विचारलं, "काय ठाऊक व्हतं?"

"गाणं कोनाचं ते. आमी तिच्या मागं म्हनत व्हतो ना. तुमी वही घेऊन तिच्या घरी आले तवा बी आमी ओट्यावरच व्हतो."

"मंग इतके दिवस बोलल्या काहून न्हाई?"

"तुमी इचारलं कुठं?"

तिच्या शेजारच्या दोघीतिघी हसल्या. मला पुन्हा राग आला, या वेळी नेमका कशाचा ते सांगता येणार नाही. चाळीस वर्षं मी जे लपवत होतो ते माझ्याच गल्लीतल्या बायांना पाठ होतं. त्यांच्यापासून लपलेलं काहीच नव्हतं. ऐकून घ्यायला कुणी त्यांच्याकडे गेलं नव्हतं, इतकंच. सगळ्यात आधी मी.

"तुम्ही म्हणा बरं," मास्टर बेंजोवरून त्या बायांना म्हणाले. "आम्ही वाजवतो."

त्या उठल्या नाहीत, पुढे आल्या नाहीत. बसल्या जागेवरून म्हणायला लागल्या. पट्टी वेगळी, चाल आमच्यापेक्षा जलद, हाताच्या कामाला जुळेल अशी. मास्टरांनी दोनदा सूर बदलून त्यांना गाठलं. मुलगा माइक घेऊन खाली उतरला आणि त्यांच्यापुढे उकिडवा बसला. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, तिसऱ्यात त्यांनी नवऱ्याला माझ्यापेक्षा जास्त सुनावलं. मग चौथं यायचं तिथे वेगळंच कडवं आलं. त्यात ती बाई रात्रीच्या शाळेत पहिल्यांदा पाटी हातात घेते आणि तिला आधी आपल्या आईचं नाव लिहायचं असतं. माझ्या वहीत ते नव्हतं. मास्टरांची बोटं थबकली. त्यानंतर कुरुंद्याची लेक आली आणि गाणं संपलं.

मुलगा माइक हातात धरून तसाच बसला होता. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"आप्पा, हे मधलं कोनतं?"

मी म्हटलं, "मला ठाऊक न्हाई. त्यांना इचार."